खट झालं की श्वास सोडायचा

वैशाखात उजनीचं पाणी मागं सरायला लागलं की भिगवणच्या वाऱ्याला एक वास येतो. ओल्या गाळाचा, चिलापीच्या खवल्यांचा, उन्हात वाळणाऱ्या शेवाळाचा. मातीच्या वासावर आपल्याकडं पुष्कळांनी लिहून ठेवलंय. या वासावर कुणी लिहीत नाही, कारण तो चांगला नाही. झाकलेलं काहीतरी उघडं पडल्याचा तो वास आहे. यंदा हायवेच्या कडेला मासे खायला थांबलो होतो, तेव्हा पहिल्या घासालाच तो नाकात शिरला आणि पुढचा घास काही केल्या उतरेना. हॉटेलवाल्यानं विचारलं, मासा ताजा नाही का? मी म्हटलं, मासा ताजा आहे, मीच शिळा झालोय.

तेवढ्यात संगीताताईंचा फोन आला. सांगवीच्या संगीताताई. दोनच वाक्यं बोलल्या. "भाऊ, पाणी उतरलंय, आमचा उंबरा निघालाय. येताना ती जुनी लेन्स आणा, आवाज करणारी."

आता ही लेन्स कुठली आणि उंबरा कुणाचा, ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल. मी फोटोग्राफर आहे, पण लग्नाचा नव्हे. लग्नातली माणसं हलतात, आणि हलणाऱ्या गोष्टींशी माझं कधी जमलं नाही. मी यंत्रांचे फोटो काढतो. बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यांना माहितीपत्रकं लागतात, त्यांच्यासाठी पंप, गिअरबॉक्स, दुधाच्या स्टीलच्या टाक्या. त्यासाठी माझ्याकडं एक टेक्निकल कॅमेरा आहे. पुढं लेन्स, मागं सेन्सर, मधे हार्मोनियमसारखा काळा भाता. पुढचा भाग वर-खाली सरकवता येतो, म्हणून उंच टाकीसुद्धा फोटोत मागं कलत नाही, ताठ उभी राहते. सरळ गोष्ट सरळ दाखवणं, एवढंच माझं पोटापाण्याचं काम. तेही मला एकदा, नेमकं हवं होतं तिथंच, जमलं नाही.

या कॅमेऱ्याला स्वतःचं शटर नसतं. आमच्या गल्लीत शटर म्हटलं की लोक दुकानाकडं बघतात. कॅमेऱ्याचं शटर म्हणजे उजेडाला आत घेणारी आणि वेळेवर बाहेर हाकलणारी झडप. ती दोन तऱ्हेची मिळते. जुनी यांत्रिक झडप लेन्सच्या पोटात असते. पोलादाच्या पातळ पाकळ्या, बारीक दातेरी चाकं, स्प्रिंगा. दर फोटोला बोटानं खटका ताणायचा, मग दाबायचा. खट. दुसरी इलेक्ट्रॉनिक. तिच्यात पाकळी नाही, चाक नाही. मागचा सेन्सर समोरचं चित्र ओळीओळीनं वाचत वरून खाली येतो, आपण पेपर वाचावा तसा. आवाज शून्य.

दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात मी या दोघींतली एक निवडायला बसलो होतो. आणि माझ्यासारखा माणूस निवडायला बसला की घरात कुणी सुखानं जेवत नाही. यांत्रिक झडपा आता नव्यानं बनत नाहीत. माझ्या लेन्समधली तर आमच्या भागातली धूळ खाऊन सरकारी शिपायासारखी झाली होती. सेकंदाचं काम सांगावं, तिनं तिच्या सवडीनं करावं. शिवाय दर वेळी खटका ताणताना कॅमेऱ्याला हात लागायचा आणि जमवलेली रेषा केसभर सरकायची. इलेक्ट्रॉनिकला हात लावायचा नाही, ताणायचं नाही, टॅबलेटवर बोट टेकवलं की काम झालं. मी ताटापुढं बसून दोन्ही बाजूंनी वकिली करायचो. शेवटी बायको म्हणाली, "लग्नाला एवढा इचार केला नव्हता तुमी." मी म्हटलं, "म्हणूनच आता करतोय." त्यावर आमटी जरा जोरात वाढली गेली.

निवड इलेक्ट्रॉनिकची झाली. बिनझडपेची नवी लेन्स आली, जुनी एका उपरण्यात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात मोज्यांशेजारी गेली.

नव्या तऱ्हेची खोड मला लगेच कळली होती, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर वाचणारे म्हणतील, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. एमआयडीसीतल्या एका डेअरीत टाकीचा फोटो काढला, तर टाकी आरशासारखी सुरेख आणि मागं भिंतीवरच्या पंख्याची पाती वाऱ्यानं मुरडलेल्या केळीच्या पानांसारखी वाकडी. सेन्सर वरून खाली वाचत येईपर्यंत पंखा पुढं निघून जातो, म्हणून वरचं पातं एका वेळचं आणि खालचं दुसऱ्या वेळचं. तिथला मॅनेजर पोट धरून हसला. मीही हसलो. म्हटलं, साहेब, ही झडप स्थितप्रज्ञांसाठी आहे, चंचलांना ती क्षमा करत नाही. मला असली वाक्यं वेळेवर सुचतात. अक्कल तेवढी उशिरा येते.

त्याच डेअरीच्या प्रयोगशाळेत संगीताताई दूध तपासायच्या. माझा भाता, काळं कापड, तिपाई असा सगळा तमाशा त्या खिडकीतून बघत होत्या. जेवणाच्या सुट्टीत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या वडलांचा एक फोटो काढायचा हाय. पण हितं न्हाय. पाण्यातल्या गावात."

त्यांचे वडील म्हणजे तात्या. त्यांना पोरीसुद्धा तात्याच म्हणायच्या. इंदापूर तालुक्यातलं त्यांचं गाव धरणात गेलेलं. सगळा जन्म साखर कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या भुश्शाच्या ढिगांपाशी गेला, आणि ती धूळ छातीत जाऊन बसली. सांगवीला लेकीच्या दारात, शेवग्याच्या विरळ सावलीत बाजेवर बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. खिशाला निळं पेन, हाताशी तोंडात मारायचा पंप. चार शब्द बोलायचे, थांबायचे, हवा गोळा करायचे, पुढचे चार बोलायचे. पण त्या चार शब्दांत दोन तरी चिमटे असायचे.

म्हणाले, पाणी उतरलं की वरच्या अंगाचं देऊळ निघतं, पेपरवाले धावत येतात, दरसाली तोच फोटो छापतात. आमच्या वस्तीचा कुणी काढला न्हाय. "आमी नदीकडं, सगळ्यात खाली. बुडताना पहिले, निघताना शेवटचे." एवढं बोलून हसले आणि हसण्याचा खोकला झाला. लेकीनं पाठ चोळली. तरी डोळ्यांतलं हसू गेलं नव्हतं.

घर मातीकुडाचं. पण उंबरा घडीव काळ्या दगडाचा. तात्यांच्या बापानं छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरासाठी पहिली गोष्ट केली ती हा उंबरा. बाप म्हणायचा, आपल्या दारात येताना माणसानं पाय उचलून यावं. पाणी आलं तेव्हा पत्रे निघाले, वासे निघाले, उंबरा काही निघाला नाही. घराचा एकसुद्धा फोटो नव्हता. तात्यांना हवा होता तो एकच. तो कशासाठी, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

"माझ्यामागं भिंतीवर लावायला. नुसतं थोबाड नको. उंबऱ्यावर उभा पायजे, पायासकट. बघणारा म्हणंल, घर हुतं याला."

आमच्याकडं हे पुष्कळ म्हातारे करतात. जिवंतपणीच भिंतीवरचा फोटो निवडून ठेवतात, म्हणजे मागून पोरांनी आधारकार्डावरचा चोरासारखा चेहरा मोठा करून लावू नये. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही वाटलं नाही. उलट मी मनात म्हटलं, हे तर सोपं. दगड हलत नाहीत. आणि दम्याचा म्हातारा माणूस, हलून हलून किती हलणार.

हे वाक्य मला अजूनही अधूनमधून पाठ म्हणून दाखवावं लागतं, स्वतःलाच.

ठरलं होतं की उन्हं कोवळी असताना पोचायचं. पण टॅबलेट घरी चार्जिंगला लावलेला राहिला. यांत्रिक लेन्सला चार्जिंग लागत नसतं, हे आठवून मी भिगवणहून बारामतीला परत जाताना स्वतःला बऱ्याच शिव्या घातल्या. होडी सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. नावाडी माझ्या पेट्या बघून म्हणाला, एवढ्याशा कामाला मोबाईल पुरला नसता का? तात्या म्हणाले, "मोबाईलवाले देवळाकडं जात्यात. हे आपल्याकडं आलंत." मला उगीच मोठं वाटलं.

त्या गाळाचं वर्णन करायला मला आवडत नाही. वरून सुकलेला, भेगाळलेला, आणि पाय ठेवला की आत लोण्यासारखा. वाळून पांढऱ्या पडलेल्या शिंपल्या. एका बाभळीचं काळं खोड, इतकी वर्षं पाण्यात उभं. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग, आणि अलीकडं जोत्याच्या दगडांच्या ओळी, गुडघ्याएवढ्यासुद्धा नाहीत. नावाड्यानं तात्यांना पाठीवर घेतलं. ते त्याच्या पाठीवरून बोट दाखवत चालले होते, हे अमक्याचं, हे तमक्याचं, हितं रांजण, हितं बकरी. एका जागी बोट थांबलं. संगीताताईंनी बादलीभर पाणी ओतून हातानं गाळ चोळून काढला, आणि खालून तो उंबरा निघाला. मधे जरा खोलगट. पावलांनी झिजलेला.

तात्या त्यावर उभे राहिले. लेकीचा हात सोडला. पांढरा शर्ट खाली ओढून सारखा केला.

मी काळ्या कापडात डोकं घालून बसलो, कारण उन्हात टॅबलेटवरचं दिसत नाही. बाहेरून तात्यांचं बोलणं ऐकू येत होतं, तुकड्यातुकड्यानं. शाळेत असताना इंदापूरहून फोटोवाला यायचा म्हणे. पोरांना ओळीनं उभं करायचा. सांगायचा, हलायचं न्हाय, श्वास धरायचा, खट झालं की सोडायचा. तेव्हापासून कुठलाही फोटो असो, तात्या श्वास धरायचे. मी आतून हो हो म्हणत होतो. भाता सरळ करत होतो. माणूस आपल्याला काहीतरी कळवतोय, हे मला कळलं नाही. मला ती आठवण वाटली.

"हं," मी म्हटलं, आणि तात्यांनी श्वास धरला.

पहिला फोटो पांढराफटक आला. उजेड कमी केला. दुसऱ्यात सगळं नीट होतं, पण उंबऱ्याची कड मला किंचित मऊ वाटली. ती मोठी करून बघितली. तिथं छिन्नीचे घाव दिसत होते, एकेक वेगळा, कुणाच्या तरी बापानं उन्हात बसून घातलेले. मी त्या घावांत रमलो. दुसरा फोटो सवयीनं पुसून टाकला आणि फोकस सरकवला. कापडाखाली काळोख होता, गार होतं, सगळं शांत होतं. ती शांतताच तर मी निवडली होती.

बाहेर तात्या त्या खटची वाट बघत होते.

मागून संगीताताईंचा आवाज आला, "भाऊ, वाजंना अजून?" मग जरा मोठ्यानं, "तात्या, सोडा." तात्यांनी सोडला नाही. बोलता येत नव्हतं म्हणून एक बोट वर केलं, थांब. नियम म्हणजे नियम. मी टॅबलेटवर बोट टेकवलं, आणि सेन्सर वरून खाली वाचत निघाला. कपाळ वाचलं, डोळे वाचले, मिटलेलं तोंड वाचलं. आणि तिथं तात्यांचा दम तुटला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ते उंबऱ्यावर बसले ते उठेनात. ओठ निळे पडले. पंप दिला, पुन्हा दिला. नावाड्यानं त्यांना पाठीवर नव्हे, लहान पोरासारखं दोन्ही हातांवर उचलून होडीत नेलं. मी मागून तिपाई घेऊन धावत होतो. तिपाई. ती टाकून द्यावी हेसुद्धा सुचलं नाही.

इंदापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की यात नवीन काही नाही, फुप्फुसं आधीच संपलेली आहेत, आज नाहीतर उद्या हे व्हायचंच होतं. हे वाक्य मी प्रसादासारखं दोन्ही हातांत झेललं. पण घरी आणून ठेवायला देव्हाऱ्यात जागा सापडली नाही. संगीताताईंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, तेही एका परीनं अवघडच गेलं.

तात्या तेव्हा वाचले. मी भेटायला गेलो तर नाकातल्या नळीसकट माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

"आला का फोटो?"

"आला तात्या. झकास आला."

"पर वाजलं कुठं?"

मी म्हटलं, आताचे कॅमेरे मुके असतात. त्यांनी हवा गोळा केली. बराच वेळ गोळा केली. मग चेष्टेत नाही, खरंच विचारावं तसं म्हणाले, "मग माणसानं श्वास सोडायचा कवा?"

श्रावणात तात्या गेले.

फोटोचं काय झालं ते सांगायचं राहिलं. हललं नाही ते सगळं अप्रतिम आलं होतं. उंबरा, जोतं, मागचं पाणी, सगळं सरळ, रेघ न् रेघ. चेहराही सरळ, छाती फुगवून बापाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा. गळ्याखाली मात्र तात्या वाहत गेले होते. शर्ट एका बाजूला, हात भलतीकडं, पाय नागमोडी, जणू तिथं अजून पाणी आहे आणि ते त्यातून दिसताहेत. दगड जिथल्या तिथं, माणूस तेवढा वाकडा. मी महिनाभर संगणकावर बसून त्यांना सरळ करायचा प्रयत्न केला. छाती नीट केली तर उंबरा मोडायचा, उंबरा नीट केला तर पाय.

शेवटी भिंतीवर नुसता चेहरा गेला. नुसतं थोबाड. खाली हार. सांगवीच्या त्या घरात गेलं की समोरच दिसतो. येणारे-जाणारे म्हणतात, काय रुबाब हाय म्हाताऱ्याचा. मला तो रुबाब वाटत नाही. मला दिसतं की गालांत हवा धरलेली आहे, ओठ मिटलेले आहेत, आणि डोळे माझ्याकडं, म्हणजे काळ्या कापडाकडं लागलेत.

दोन झडपांतली चांगली कुठली, हे लोक मला अजून विचारतात. मी प्रामाणिक उत्तर देतो. पंपांचे, टाक्यांचे फोटो मी आजही त्या मुक्या झडपेनंच काढतो, कारण पंप श्वास घेत नाहीत. कामाला तीच चांगली. वेळ चोख, हादरा नाही, झीज नाही. यांत्रिक झडप चुकते, अडते, म्हातारी होते. पण ती आपलं काम संपल्याचं समोरच्याला सांगते. मी पारडी मांडली होती तेव्हा अचूकपणा तोलला, धूळ तोलली, हादरा तोलला. तो एवढासा आवाज कुठल्याच पारड्यात टाकला नव्हता. तो मला यंत्राचा दोष वाटला होता. हे एकदा संगीताताईंपाशीही बोलून झालं, मोज्यांशेजारच्या लेन्ससकट.

गेल्या साली पाणी एवढं उतरलंच नाही. देऊळ निघालं, पेपरात आलं. वस्ती खालीच राहिली.

यंदा निघाली. फोन आल्यावर घरी येऊन मी कपाटाचा खालचा खण उघडला, उपरणं सोडलं. खटका ताणून बघितला. दाबला. मोज्यांच्या खणात ती आपली खट म्हणाली, जशी काही कालच ठेवली होती. लेन्स खिशात टाकली, आणि माझी अक्कल ठाऊक असल्यामुळं बाकी सगळं सामानही घेतलं. भाता, तिपाई, काळं कापड.

होडीवाला तोच. यंदा पेट्या त्यानंच उचलून आत ठेवल्या. संगीताताई डेअरीतून सुट्टी घेऊन आल्या होत्या. गाळ, शिंपल्या, ते बाभळीचं खोड, सगळं होतं तसंच. त्यांनी बादली ओतली, हातानं चोळून उंबरा धुतला, आणि पलीकडं, आतल्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. मीही आत गेलो आणि तिपाईचे पाय उघडायला लागलो. मनात हिशेब सुरू झालाच होता, ऊन कुठून आहे, ताईंना कुठं उभं करावं.

त्या म्हणाल्या, "फोटो न्हाय काढायचा, भाऊ. नुसतं वाजवा."

मी तिपाई मिटली. यांत्रिक लेन्सला कॅमेरा लागत नाही, सेन्सर लागत नाही, बॅटरी लागत नाही. तळहातावर घेऊनही ती वाजते. तिथंसुद्धा माझं बोट वेगाच्या चकतीवर घुटमळलं, कितीवर ठेवावं म्हणून. मग ते सोडून दिलं, होती तिथंच ठेवली. खटका ताणला. हात उंबऱ्यावर धरला, एखादा माणूस तिथं उभा असता तर त्याच्या छातीपुढं येईल असा.

खट.

एवढासा आवाज. त्या उघड्या रानात होडीपर्यंतसुद्धा गेला नसेल. रोहित पक्ष्यांची रांग होती तशीच राहिली.

माझ्या शेजारी संगीताताईंनी श्वास सोडला, तेव्हा मला कळलं की त्यांनीही धरला होता.

मग त्यांनी रिकामी बादली उचलली, म्हणाल्या, ऊन चढाय लागलं, चला. भिंत नव्हती, दार नव्हतं, चारी बाजूंनी कुठूनही जाता आलं असतं. त्या उंबऱ्याकडूनच गेल्या, आणि पाय उचलून बाहेर पडल्या. त्यांच्यामागं मीही उचलला.